झुपकीला हवी आईची मांडी

ऐका हं. नीट बसा. बोट तोंडातून काढा.

चिंचेचं झाड होतं. झाडाला ढोली होती. ढोलीत एक खार राहायची. ती होती आई. तिची एक लेक होती. एवढीशी, चिमूटभर. शेपटी मात्र ही झुपकेदार! म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकीला आईची मांडी फार आवडायची. मऊ मऊ. उबदार. मांडीवर बसायचं, शेपटी पांघरायची, आणि आईनं डोक्यावरून हात फिरवायचा. बस्स! आणखी काही नको.

मग आला गुब्बू. गुब्बू म्हणजे झुपकीचा धाकटा भाऊ. गोल गोल, गुलाबी गुलाबी. सगळे म्हणाले, "काय गोड बाळ आहे!"

गोड होतं हो. पण निजतच नव्हतं!

एक डोळा मिटायचा. दुसरा उघडायचा. दुसरा मिटला की पहिला उघडायचा. आणि मग, "ट्यांऽऽ! ट्यांऽऽ!"

आईनं टाळूवर तेल घातलं. "ट्यांऽऽ!"
आईनं ओव्याची धुरी दिली. "ट्यांऽऽ!"
आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. "ट्यांऽऽ! ट्यांऽऽ!"
आईनं झोका दिला, दिला, दिला. आईचे हात भरून आले. गुब्बू जागाच.

आईच्या मांडीवर सकाळी गुब्बू. दुपारी गुब्बू. संध्याकाळी गुब्बू.

झुपकी म्हणाली, "आई, मी बसू?"

आई म्हणाली, "गुब्बू निजला की ये हं, माझी बाय."

पण गुब्बू निजेल तेव्हा ना! झुपकी कोपऱ्यात बसली. स्वतःचीच शेपटी पांघरली. स्वतःच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. छे! काही मजा नाही.

झुपकीला आईची फार आठवण आली. आई समोरच होती, तरी आठवण आली.

मग झुपकी उठली. म्हणाली, "मीच निजवते गुब्बूला."

निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुक्!

फांदीला गुब्बूची झोळी होती. तागाची, विणलेली. झुपकी म्हणाली,

"झोळीबाई, झोळीबाई, झूल ना!
गुब्बू निजेना,
आईची मांडी मिळेना!"

झोळी म्हणाली, "मी नाही झुलणार जा! हळूहळू, सारखा सारखा झोका हवा. तो वाऱ्यालाच जमतो. वारा आला, तर झुलेन."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुक्!

शेताच्या बांधाआड वारा लोळत पडला होता. झुपकी म्हणाली,

"वारेदादा, वारेदादा, ये ना!
झोळी झुलेना,
गुब्बू निजेना,
आईची मांडी मिळेना!"

वारा म्हणाला, "हुश्शऽऽ! मी नाही येणार जा! ऊन बघ केवढं. माझं अंग तापलंय. तळ्यानं गारवा दिला, तर येईन."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुक्!

तळ्याचं पाणी गढूळ झालं होतं. झुपकी म्हणाली,

"तळेमामा, तळेमामा, गारवा द्या ना!
वारा झुळझुळ येईना,
झोळी झुलेना,
गुब्बू निजेना,
आईची मांडी मिळेना!"

तळं म्हणालं, "बुडुक बुडुक! मी नाही देणार जा! म्हैस बसलीय बघ माझ्या पोटात. सगळा गारवा तिनंच घेतला. म्हैस उठली, तर देईन."

झुपकी काठावर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुक्!

म्हैस पाण्यात बसली होती. काळी काळी, मोठ्ठी मोठ्ठी. पाण्यात बसलेली म्हैस उठते का कधी? तिला हाका मारून गुराखी थकतात! पण झुपकी म्हणाली,

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, उठा ना!
तळं गारवा देईना,
वारा झुळझुळ येईना,
झोळी झुलेना,
गुब्बू निजेना,
आईची मांडी मिळेना!"

म्हशीनं एक कान हलवला. म्हणाली, "फुर्रऽऽ! मी नाही उठणार जा! पाठीला गोचीड चावतात गं. बाहेर आले की जास्तच चावतात. बगळ्यानं गोचीड टिपले, तर उठेन."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, टुक्!

चिखलात बगळा उभा होता. एका पायावर. डोळे मिटून. जसा काही मोठा साधूबाबा! झुपकी म्हणाली,

"बगळेबाबा, बगळेबाबा, गोचीड टिपा ना!
म्हैस पाण्यातून उठेना,
तळं गारवा देईना,
वारा झुळझुळ येईना,
झोळी झुलेना,
गुब्बू निजेना,
आईची मांडी मिळेना!"

बगळ्यानं एक डोळा उघडला. म्हणाला, "मी नाही टिपणार जा! एका पायावर उभा आहे तो काय हौसेनं? दुसऱ्या पायात काटा आहे, काटा! मुंगळ्यानं काटा काढला, तर टिपेन."

झुपकी दमली. ऊन लागत होतं. पाय भाजत होते. तिनं वळून पाहिलं. लांब चिंचेचं झाड दिसलं. आवाज आला, "ट्यांऽऽ! ट्यांऽऽ!"

म्हणजे मांडी अजून गुब्बूकडेच.

झुपकी निघाली. तुरुतुरु... तुरुतुरु... टुक्.

बाभळीच्या बुंध्याशी मुंगळा होता. काळा कुळकुळीत. मिशा हलवत होता. झुपकी म्हणाली,

"मुंगळेराव, मुंगळेराव, काटा काढा ना!
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस पाण्यातून उठेना,
तळं गारवा देईना,
वारा झुळझुळ येईना,
झोळी झुलेना,
गुब्बू निजेना,
आईची मांडी मिळेना!"

मुंगळा म्हणाला, "मी नाही काढणार जा! गूळ खाल्ल्याशिवाय आमचा जबडा चालत नाही. ती बघ हौसाबाई. तिच्या फडक्यात भाकरी आहे. भाकरीशेजारी गूळ आहे. मी गेलो की ती मला झटकते! हौसाबाईनं आपल्या हातानं गूळ दिला, तर काढेन."

झुपकी निघाली. तुरुतुरु... टुक्.

बाभळीच्या सावलीत हौसाबाई होती. कांदे काढायला शेतात आली होती. पण कांदे राहिले मातीत. कारण तिच्या खांद्यावर होती शेवंती. शेवंती म्हणजे हौसाबाईची तान्ही लेक. आणि शेवंती काय करत होती?

"ट्यांऽऽ! ट्यांऽऽ!"

अरे देवा! इथंही तेच!

हौसाबाई फेऱ्या मारत होती. इकडून तिकडे. तिकडून इकडे. केस सुटलेले. डोळे लाल. झुपकी लांबूनच म्हणाली,

"हौसाबाई, हौसाबाई, गूळ द्या ना!
मुंगळा काटा काढेना,
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस पाण्यातून उठेना,
तळं गारवा देईना,
वारा झुळझुळ येईना,
झोळी झुलेना,
गुब्बू निजेना,
आईची मांडी मिळेना!"

हौसाबाई म्हणाली, "कसा देऊ गं बाय? माझं हात मोकळं हायत का? सकाळधरनं ही पोर डोळा मिटंना. गाणी म्हनून म्हनून घसा बसला माझा. शेवंती निजली, तर देईन."

झुपकीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता कुणाकडे जायचं? आता कुणीच उरलं नव्हतं.

झुपकीला रडू आलं. तिला मांडी हवी होती. आत्ताच्या आत्ता हवी होती. ती बाभळीच्या मुळीवर बसली. शेपटी पांघरली. डोळे मिटले. आणि हळूच, आपलं आपल्यालाच, ती गुणगुणायला लागली.

"चिंच निजली, चिंचोका निजला,
फांदीच्या काखेत कावळा निजला,
आता गं कोण राहिलं बाई?
नीज गं झुपके, गाई गाई."

शेवंती म्हणाली, "ट्यां..."

झुपकी गात राहिली.

"चिंच निजली, चिंचोका निजला,
फांदीच्या काखेत कावळा निजला,
आता गं कोण राहिलं बाई?
नीज गं झुपके, गाई गाई."

शेवंती म्हणाली, "ट्..."

मग शेवंतीनं जांभई दिली. मग शेवंतीनं एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग शेवंतीनं मान टाकली आईच्या खांद्यावर.

घूंऽऽ. घूंऽऽ.

"अगं बया!" हौसाबाई हळूच म्हणाली. "निजली की गं!"

तिनं शेवंतीला अलगद खाली ठेवलं. वर पदर टाकला. मग झुपकीजवळ बसली. म्हणाली, "गानं ग्वाड हाय तुझं. पर चुकलीस की गं. ज्याला निजवायचं, त्याचंच नाव घेत्यात गान्यात. ही तर शेवंती. ही झुपकी कोन?"

झुपकी म्हणाली, "मी."

"मग सोताचंच नाव घेतलंस व्हय?"

झुपकी म्हणाली, "मला असंच येतं. आई असंच म्हणायची."

"कवा म्हनायची?"

झुपकी म्हणाली, "गुब्बू आला नव्हता, तेव्हा."

 हौसाबाईनं एक बोट पुढं केलं. झुपकीच्या पाठीवरून अलगद फिरवलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत. बरं वाटलं झुपकीला. पण ते आईचं बोट नव्हतं.

मग हौसाबाईनं फडकं सोडलं. गुळाचा खडा काढला. म्हणाली, "घे गं बाय. आन् पळ आता घरला."

झुपकी पळाली! तुरुतुरु, तुरुतुरु, टुक्!

मुंगळ्याला गूळ दिला. मुंगळ्यानं गूळ खाल्ला. कुटुम कुटुम!
मुंगळ्यानं काटा काढला. फट्!
बगळ्यानं गोचीड टिपले. टिप् टिप् टिप्!
म्हैस पाण्यातून उठली. भस्सकन! उठली बाई एकदाची!
तळ्यानं गारवा दिला. गाऽऽर गाऽऽर!
वारा झुळझुळ आला. सळसळ, सळसळ!
झोळी झुलली. कुईं... कुईं... कुईं...

आणि गुब्बू?

आईनं गुब्बूला झोळीत घातलं. गुब्बूनं एक डोळा मिटला. झुपकीनं श्वास धरला. गुब्बूनं दुसरा डोळा मिटला. झुपकीनं आणखी थोडा श्वास धरला.

घूंऽऽ. घूंऽऽ.

निजला! गुब्बू निजला!

झुपकी वळली. आईची मांडी रिकामी होती. मऊ मऊ. उबदार. झुपकी धावली. आणि तेवढ्यात...

तेवढ्यात आई उठली.

"निजलाय तोवर शेंगा फोडून घेते बाई," आई म्हणाली. "ढोली झाडायची राहिलीय. पाणी आणायचं राहिलंय. हे करते, ते करते..."

मांडी चालली! झुपकी तिथंच उभी राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं.

आईनं तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, "अगं, पाय किती मळलेत तुझे! कुठं गेली होतीस उन्हाची?"

झुपकीनं एका दमात सांगितलं,

"शेवंती निजली,
हौसाबाईनं गूळ दिला,
मुंगळ्यानं काटा काढला,
बगळ्यानं गोचीड टिपले,
म्हैस पाण्यातून उठली,
तळ्यानं गारवा दिला,
वारा झुळझुळ आला,
झोळी झुलली,
गुब्बू निजला!"

आई म्हणाली, "अगो बाई! एवढं सगळं? आणि ते कशासाठी गं?"

झुपकी म्हणाली, "मांडीसाठी."

आईच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. टप् टप् टप्. पडू देत.

आई खाली बसली. मांडी घातली. म्हणाली, "ये."

झुपकी चढली. मळलेल्या पायांनीच चढली. झुपकीनं शेपटी पांघरली. स्वतःची नाही, आईची! मोठी, झुपकेदार. आईनं डोक्यावरून हात फिरवला. एकदा. आणखी एकदा. झुपकीनं डोळे मिटले. आणि इतक्यात...

"ट्यांऽऽ!"

उठला गुब्बू! एवढीशीच झोप त्याची. पापणी लागली म्हणेपर्यंत जाग!

झुपकी शहाणी होती. ती उठायला लागली. हळूहळू. एक पाय खाली ठेवला. दुसरा पाय खाली ठेवणार...

आईनं तिला धरलं. घट्ट.

"बस," आई म्हणाली. "गुब्बू थांबेल थोडा. आधी तू."

"ट्यांऽऽ!" गुब्बू म्हणाला.

"हो रे राजा, ऐकलं," आई म्हणाली. "आत्ता ताईची पाळी."

गुब्बूला नवलच वाटलं. असं कुणी त्याला कधी म्हटलंच नव्हतं! त्यानं झोळीतून डोकं वर काढलं. ताईकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मूठ तोंडात घातली आणि चोखत बसला. चुक् चुक् चुक्.

आणि झुपकी?

झुपकी मांडीवर बसली. ती अजून तिथंच बसली आहे. उठवू नका हं तिला.