मुठीचा डबा

"या लोकांना द्यायला शिकवायचं तरी कसं, साहेब?"

सिलासनं आल्या आल्या हेच विचारलं. अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

साहेब म्हणजे माझे यजमान, आमच्या ल्युथरन ख्रिस्ती मंडळीचे जुने पाळक. निवृत्त झाले तरी गाव त्यांना साहेबच म्हणतं, आणि गावाबरोबर मीही. सिलास वडागळे हा नवा पाळक. मनानं सोनं, पण मान जरा ताठ.

साहेब अंगणात पेरू कापत बसले होते. एक फोड त्यांनी पुढे केली.

"नको, साहेब."

"चहा टाकते रे," मी म्हटलं.

"नको आई, उगाच त्रास."

त्रास कसला डोंबलाचा! दूध चुलीवरच होतं.

"बोल," साहेब म्हणाले.

"देवळाचं अर्धं छप्पर वादळात उडालं. नाताळच्या आत पत्रे बसायला हवेत. दानावर किती प्रवचनं केली, छापील पाकिटं वाटली. दानपिशवी आपली हलकीच येते. साहेब, नाताळपर्यंत नाही जमलं तर मी बदली मागणार आहे. ही मंडळी माझ्या हातून नाही सांभाळली जायची."

पाकिटांचं मला विचाराल तर माझ्या पाकिटात मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या ठेवल्या होत्या. छान बसतात. पण त्या वेळी ते कशाला बोला!

"आणि मुठीचे डबे?" साहेबांनी विचारलं.

सिलासनं मान खाली घातली.

आमच्याकडे भात टाकताना बाया त्यातली एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकतात. ती मूठ देवाची. रविवारी ते डबे वेदीपाशी रिकामे होतात, तांदूळ विकला जातो आणि पैसे मंडळीला मिळतात. माझ्या सासूच्याही आधीपासूनची ही रीत.

"डबे कुणी आणतच नाही आता," सिलास म्हणाला.

"कधीपासून?"

"रूथबाईंना मी… म्हणजे मी चांगल्यासाठीच बोललो, साहेब. एकटी बाई, दुसऱ्याच्या शेतात भाताच्या रोवणीला जाते. तिच्याच घरात दाणा नाही. मी म्हटलं, काकू, हा तांदूळ घरी न्या, तुम्हालाच याची जास्त गरज आहे."

"कुठे म्हणालास?"

"वेदीपाशी."

"सगळ्यांसमोर?"

"…हो."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. डबा पदराखाली घेतला आणि गेली. तेव्हापासून देवळात आली नाही."

मी तिथेच होते त्या रविवारी. रूथबाईमागे उभ्या असलेल्या बायांनीही आपापले डबे न उघडताच परत नेले. मीसुद्धा. तिची मूठ नको, तर आमची कशी चालेल? सिलासचा राग आला होता मला, खोटं कशाला बोलू.

"माझं चुकलं काय, साहेब? गरिबाच्या तोंडचं मी कसं घेऊ?"

साहेब पेरूवर मीठ भुरभुरत राहिले.

"प्रभुभोजनाला तू भाकर देतोस," ते मग म्हणाले. "तेव्हा लोक काय करतात?"

"हात पुढे करतात."

"कसे?"

"असे." सिलासनं दोन्ही तळवे उघडून, एकावर एक ठेवून दाखवले.

साहेबांनी त्यात पेरूची फोड ठेवली.

"आता 'नको' म्हण."

सिलासनं तोंड उघडलं… आणि मिटलं. हातातल्या फोडीकडे बघितलं. मग त्यानं ती खाल्ली. डोळे पाण्यानं भरले होते पोराचे. माझाही राग तिथेच गेला.

"मी जातो रूथबाईंकडे," तो उठला. "काय नेऊ? तांदळाचं पोतं नेऊ? साडी?"

"काही नेऊ नकोस."

"रिकाम्या हातानं जाऊ?"

"भूक लागलीय म्हण."

तो गेला.

पुढचं रूथबाईनंच मला सांगितलं. दारात उभा राहिला म्हणे, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. "काकू, भूक लागलीय," म्हणाला.

ही बघतच राहिली. एकदा मनात आलं, सांगावं याला, घरी जा, दाण्याची मलाच जास्त गरज आहे, तूच म्हणाला होतास. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"हात धुवा," ती म्हणाली.

पेज आणि अंबाडीची भाजी, दुसरं काही नव्हतं. तो जेवला. वर पुन्हा मागून घेतली पेज! हे सांगताना रूथबाई हसली, किती दिवसांनी तिला तशी हसताना बघत होते मी.

रविवारी ती आली. धुतलेली साडी, हातात डबा. सिलास वेदीवरून खाली उतरला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पुढे केले. तिनं डबा ओतला. तांदूळ हातात मावेना, जमिनीवर सांडला. सिलासला आभार मानायचे होते, पण शब्दच फुटेना. म्हणून मानले ते सगळ्या मंडळीनं, रडत रडत, गाणं म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी डब्यांची रांग लागली. पाकिटंही आली. माझं पाकीटही गेलं. गोळ्या काढून, अर्थात! शिमोन सुतारानं छपराची मजुरी घेणार नाही म्हणून सांगितलं. नाताळच्या उपासनेला आम्ही नव्या पत्र्यांखाली बसलो. मी वर बघितलं आणि म्हटलं, देवा, किती रे तुझे उपकार!

उपासना आटोपून सिलास आमच्याकडे आला. बदलीचं नावही नव्हतं तोंडात. चहा त्यानं स्वतःहून मागितला.

"साहेब," तो म्हणाला, "मी तर मधे दानावर एक शब्द बोललो नाही. मग मंडळीला द्यायला शिकवलं कुणी?"

साहेब पेरू कापत होते.

"सांगा ना, साहेब. नव्या वर्षात त्यावरच प्रवचन करीन म्हणतो."

"करशील रे…" साहेबांनी फोड पुढे केली. "आधी घे."