उपदेशक, शेळी आणि नदीपलीकडचं गाव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि माणसांना ऐकायला वेळ होता, एवढं कळलं तरी पुरे.

अशा त्या काळी एका नदीकाठच्या गावात प्रभू येशूला मानणारी एक लहानशी मंडळी राहत होती, आणि त्या मंडळीत तीत नावाचा एक उपदेशक होता. त्याचा आवाज असा खणखणीत, की तो अंगणात खाकरला तरी पलीकडच्या काठावरचे बगळे उडत. पवित्र शास्त्र त्याला तोंडपाठ होतं. झोपेतून उठवून विचारा, कोणतं वचन कुठे आहे ते तो अचूक सांगे. त्याला झोपेतून उठवणं मात्र महाकठीण होतं, आणि आपली गोष्ट नेमकी तिथेच सुरू होते.

तीतच्या मनात एकच ध्यास होता. नदीपलीकडच्या गावात कुणीच शुभवर्तमान ऐकलेलं नव्हतं, आणि ते आपणच जाऊन सांगावं असं त्याला फार वाटे. पश्चात्तापाची आणि पापांच्या क्षमेची वार्ता सगळ्या राष्ट्रांना सांगा, पण सुरुवात यरुशलेमेपासून करा, असं प्रभूने शिष्यांना सांगितलं होतं. ते वचन तीत रोज सकाळी नदीकडे तोंड करून गर्जत असे. यरुशलेमेवर तर त्याचं एक वेगळं प्रवचनच होतं. त्यात तिथल्या वेशी यायच्या, तट यायचे, तळी यायची. सुरुवात तिथूनच का करायची, एवढं मात्र त्यात कुठे नव्हतं.

त्याच्या अंगणाच्या आणि नदीच्या मधोमध सलोमीबाईचं घर होतं. बाई विधवा, एकटी, जिभेची जरा तिखट. तिच्याकडे ढवळी नावाची एक शेळी होती. बोधकथेतली शेळी म्हणजे ती बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. ही बोलत नसे. हिचं तोंड सदा कशाने ना कशाने भरलेलं असे.

एका दुपारी तीत बाजेवर शास्त्र उघडं टाकून आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. ढवळी कुंपणातून आली आणि शास्त्राचं एक अख्खं पान चावून खाऊ लागली. सलोमीने पलीकडून हाका मारल्या, ताट बडवलं, शेवटी एक ढेकूळही भिरकावलं. तीत घोरतच राहिला. जागा झाला तेव्हा त्या पानाचा फक्त एक कोपरा उरला होता, आणि तो ढवळीच्या ओठांवर होता.

रविवारी भजनाला सगळी मंडळी जमली. तीत उभा राहून म्हणाला, "मी डोळे मिटून प्रार्थनेत होतो, आणि तेवढ्यात त्या शेळीने डाव साधला!"

"प्रार्थना कसली? घोरत होता तुम्ही," सलोमी मागून म्हणाली. "मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते."

सगळे तीतकडे बघू लागले. आता खरं सांगावं तर उपदेशकाची अब्रू जाते. तीतने आवाज चढवला. "ही बाई लबाड आहे! शेळी राखता येत नाही आणि वर देवाच्या घरात खोटं बोलते!"

त्या आवाजापुढे सलोमीचं काय चालणार? लोकांनी माना डोलावल्या. बाई उठून गेली, ती पुन्हा भजनाला आली नाही. दर रविवारी ती आपल्या कुंपणाशी उभी राहून लांबूनच गीतं ऐके. तीतला ते दिसे, पण तो तिकडे पाठ करून गाई.

पुढे तीतने नदीपार जायची तयारी केली. होडी ठरली, धोतरं धुतली गेली. पण त्या मंडळीची एक जुनी रीत होती. उपदेशाला निघणाऱ्याने वाटेची शिदोरी आपल्या घरून न्यायची नाही. ज्या घराशी त्याचा अबोला असेल, त्या घरून भाकरी मागून आणायची. ती भाकरी मिळेपर्यंत होडी सोडायची नाही.

मंडळीत सर्वांत वडील होते ते आबा. तीत त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "आबा, माझा कुणाशी अबोला नाही. सलोमीबाईच माझ्याशी बोलत नाहीत."

"मग सोपं आहे की," आबा म्हणाले. "तू बोल."

तीत कुंपणाशी जाऊन उभा राहिला. सलोमी ढवळीची धार काढत होती. तो छाती फुगवून म्हणाला, "सलोमीबाई, तुमचे सगळे अपराध मी मोठ्या मनाने पोटात घातले आहेत. आता दोन भाकरी द्या."

सलोमीने मानही वर केली नाही. "ढवळीच्या पोटात पान गेलं आणि तुमच्या पोटात माझे अपराध! काय केलं मी?"

"तुम्ही मला घोरणारा म्हणालात."

"मग काय मोर म्हणू?" असं म्हणून ती चरवी उचलून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तीतने शास्त्राचा आधार घेतला. "बाई, सारफथच्या विधवेने दुष्काळातसुद्धा संदेष्ट्याला भाकरी दिली होती!"

आतून उत्तर आलं, "त्या संदेष्ट्याने तिला भरसभेत लबाड म्हटलं नव्हतं!"

तीत तसाच माघारी फिरला. होडीवाला रोज येऊन विचारी, "काय, निघायचं का?" आणि ढवळी कुंपणावरून रवंथ करत तीतकडे टक लावून बघे. तीतचं जेवणावरचं मन उडालं. आता आपण नदीपार कधीच जाणार नाही, असं त्याला वाटू लागलं.

एका सकाळी सवयीने तो नदीकडे तोंड करून गर्जू लागला. "सुरुवात यरुशलेमेपा..." आणि तिथेच अडकला. समोर नदी नव्हती. समोर सलोमीचं घर होतं. इतकी वर्षं तो तिच्या छपरावरून पलीकडे ओरडत आला होता.

यरुशलेमेपासूनच का? तीत बाजेवर बसला. त्याच गावात शिष्य प्रभूला सोडून पळाले होते. त्याच गावात पेत्र या शिष्याने प्रभूला ओळखतच नाही असं सांगितलं होतं. जगाला पश्चात्ताप सांगण्याआधी त्यांना तिथे उभं राहायचं होतं, जिथे त्यांची फजिती सगळ्यांना ठाऊक होती. तीतचे कान तापले. त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की उन्हात बसूनही त्याने पांघरूण ओढून घेतलं. मग ते टाकून तो उठला आणि सलोमीच्या दाराशी गेला.

"मी घोरत होतो," तो म्हणाला.

सलोमी पीठ मळत होती. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

खरंच आलं नव्हतं. बगळे उडवणारा तो आवाज आज पुटपुटण्यापलीकडे गेला नव्हता. तीतने डोळे पुसले, आणि मग सगळा जोर लावून तो ओरडला, "मी घोरत होतो! खोटं मी बोललो! सलोमीबाई खरं बोलत होत्या! लबाड मी आहे! मला क्षमा करा!"

शेजारची दारं उघडली. आबा काठी टेकत बाहेर आले. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका धोपटणं हातात धरून उभ्या राहिल्या.

सलोमीचा हात पिठात तसाच राहिला होता. मग तिने पदराने नाक पुसलं आणि ती म्हणाली, "केली क्षमा. आत या, तवा तापलाय. आणि बाजेवर पुस्तक टाकून येऊ नका, ढवळी मोकळी आहे."

रविवारी भजनाला सलोमी पहिल्या रांगेत बसली. तीतने तेच शब्द सगळ्या मंडळीसमोर पुन्हा उच्चारले, आणि मगच भाकरी, लसणाची चटणी असं बांधून घेऊन तो होडीत चढला. वाटेत तो प्रवचन मनात घोळवत होता. या परक्या लोकांना कसं जमवावं, याची त्याला धास्ती वाटत होती.

पण काठावर सगळं गाव आधीच गोळा झालं होतं.

"आला, आला! घोरणारा आला!" मुलं ओरडली.

एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, "बाबा, दुसऱ्यांची पापं ओरडून सांगणारे आम्ही पुष्कळ पाहिले. स्वतःचं पाप नदीपार ऐकू जाईल असं सांगणारा तूच पहिला. पण त्या बाईने पुढे काय केलं, ते इथवर ऐकू आलं नाही. ते सांग."

तीतने घोळवलेलं प्रवचन सोडून दिलं. तो वाळूत बसला, शिदोरी सोडली, आणि सलोमीच्या भाकरीचा एकेक तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवत सांगू लागला, "तिने मला क्षमा केली. ही बघा."

तात्पर्य: पश्चात्तापाचा उपदेश जगाला करायचा असेल, तर पहिलं प्रवचन शेजारच्या दारात करावं, आणि तेही स्वतःविषयी.