भागीचा कातळ

काळंबी नदीच्या मधोमध हा काळा कातळ दिसतोय ना, त्याला भागीचा कातळ म्हणतात. केवढाही पूर आला तरी तो बुडत नाही.

फार पूर्वी ही नदी रानात शिरते ती बाहेर कुठे निघते, हे कुणालाच ठाऊक नव्हते, असे सांगतात. एका सुभेदाराला लाकूड वाहून न्यायला वाट हवी होती. तो होडी घेऊन शोधायला निघाला. वल्ह्यांवर चार गडी, त्यातला एक कुशाबा. त्याची बायको भागी रांधायला, आणि तिच्या अंगावर पिणारा तीन महिन्यांचा मुलगा.

धबधबा आला की होडी खांद्यावर घेऊन चिखलातून जायचे. पानापानावर जळवा. म्हणून इथली माणसे अंगाला लेप लावत. तंबाखू, करंजेल आणि कुजवलेल्या माशांचे पाणी. शी! वास असा की पोटातले वर यावे. सुभेदाराला घास उतरेना. तिसऱ्या दिवशी या कातळापाशी त्याने होडी थांबवली.

"सगळ्यांनी अंगं धुवा. त्या पोरालाही धुवा. नाहीतर उतरा."

गड्यांनी अंगे घासली. कुशाबानेही.

"धू गं त्याला, सरकार चिडलेत," तो म्हणाला.

"चिडू देत. जळू काय सरकारला विचारून चिकटते?"

त्याने ओल्या हाताने पोराला धरले, तशी भागी पोराला हिसकावून कातळावर उतरली. होडी गेली. नवरा वळून वळून बघत होता म्हणे, पण वल्हे काही सोडले नाही त्याने.

चार दिवस ती उपाशी बसून पोराला पाजत राहिली. जळवा कातळावर चढत आणि त्या वासाने माघारी फिरत. पाचव्या दिवशी धनगरांनी वेलींचा दोर टाकून दोघांना काठावर ओढले.

होडी खाडीत लागली तेव्हा कोळ्यांना वाटले, वांगी भरून आलीत. जवळ जाऊन बघतात तर पाच माणसे, पांढरी फटक, आणि अंगभर टम्म फुगलेल्या जळवा. नाकात, पापण्यांच्या आत. सुभेदाराच्या मुठीत अत्तराची कुपी होती. मला तर जळवांपेक्षा त्या कुपीचीच किळस येते.

आजही इथले बाळ पहिल्यांदा होडीत बसते तेव्हा त्याला तो लेप बापानेच लावायचा असतो, नाक न मुरडता. मग पोर छातीशी धरून तो होडीत चढतो. हात धुवायचे ते पलीकडे पोचल्यावरच.