टिटवीने उचललेलं बोर

माळावरचे ससे ठोसेबाजीचे सामने भरवायचे, तेव्हाची ही गोष्ट. जिंकणाऱ्याला उन्हाळाभर बोरीची सावली मिळे. पंच होती टिटवी. चांगला ठोसा बसला, की ती मारणाऱ्यापुढे एक बोर ठेवी.

झपाट्या ससा भुऱ्या सशापेक्षा एका बोराने पुढे होता. जिंकायच्या घाईत त्याने, तोल जाऊन पाठमोऱ्या झालेल्या भुऱ्याच्या मानेवर ठोसा हाणला. टिटवी कडाडली आणि तिने झपाट्याचं एक बोर उचललं.

"अहो, चुकून लागला!" झपाट्या उसळला.

"म्हणून त्याला कमी दुखलं का रे? पाठ वळल्यावर त्याने स्वतःला सांभाळायचं कसं?"

झपाट्या धुसफुसत पुन्हा उभा राहिला. तेवढ्यात वर घार ओरडली. त्याने दचकून मागे पाहिलं आणि त्याची मान भुऱ्यासमोर उघडी पडली. आता बसतोय, म्हणून त्याने डोळे गच्च मिटले.

ठोसा आलाच नाही. वळून पाहतो तर भुऱ्या उगारलेला पंजा तसाच धरून, झपाट्याने समोर तोंड करण्याची वाट पाहत होता.

टिटवीच्या पायाशी ते बोर अजून पडलं होतं.

"राहू द्या ते तुमच्याकडेच," झपाट्या हळूच म्हणाला.