सहा वाजायच्या आत

“पण मास्तर, यातलं पाठवू कुठलं?”

मिहीर चौबळने दारातूनच विचारलं. चपला काढायचंही भान नव्हतं बिचाऱ्याला.

बस्त्याव मास्तरांनी उभी हयात हॉटेलांतल्या बँडमध्ये जॅझचा पियानो वाजवण्यात घालवली. आता ते वसईला घरीच असतात. मिहीर त्यांच्याकडे नऊ वर्षं गाणं शिकला. त्याचा पहिला अल्बम निघत होता. आठ गाणी, त्यातली सात कंपनीकडे पोचलेली. आठवं आज संध्याकाळी सहाच्या आत गेलं नाही, तर सगळा अल्बमच बोंबलणार होता.

“किती वेळा गाऊन रेकॉर्ड केलंस?”

“त्रेचाळीस.”

“अरे देवा!”

“सतराव्या वेळी आवाज छान लागलाय. एकतिसाव्या वेळी मधला भाग झकास आलाय, तो आयत्या वेळी सुचेल तसा गायचा असतो ना, तो. पण शेवट पडला. मास्तर, एकदा बाहेर आलं की जन्मभर हेच वाजणार. लोक म्हणतील, हा असाच गातो. मला भीती वाटते हो.”

मास्तरांनी पियानोचं झाकण उघडलं.

“गा.”

मिहीर गायला लागला. सगळं एकतिसाव्या वेळेसारखं. मधला भागसुद्धा हुबेहूब तोच. आयत्या वेळी सुचलेलं पठ्ठ्या पाठ करून आला होता! आता काय म्हणावं याला?

तिसऱ्या ओळीला मास्तरांनी भलतीच पट्टी दाबली.

मिहीर थांबला. “मास्तर, चुकलात.”

“हो का? पुन्हा.”

या खेपेला मास्तर दुसरीकडेच चुकले. मिहीर परत थांबला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“मास्तर, पाया पडतो तुमच्या. चेष्टा नका करू.”

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा मास्तर चुकले, तेव्हा मिहीर इतका वैतागला होता, की थांबायचंच विसरला. घसरला, सावरला, त्या चुकलेल्या सुराच्या मागे मागे गेला. मास्तर आणखी वाकडे वळले. हाही वळला. शब्द केव्हाच सुटले, नुसता आवाज उरला... आणि मग दोघं एकाच ठिकाणी येऊन थांबले.

“हेच! मास्तर, हेच पाहिजे होतं मला!”

त्याने धडपडत खिशातून फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं, फोन पियानोवर ठेवला.

“वाजवा ना. आत्ता वाजवलंत तसंच.”

“काय वाजवलं?”

“ते... आत्ता नाही का...” मिहीरने तोंड उघडलं. एक सूर येईल तर शपथ! “मास्तर, तुम्हाला तरी आठवत असेल.”

“नाही बाबा.”

फोन चालूच होता.

“मग मी पाठवू काय?” मिहीर रडकुंडीला आला.

मास्तरांनी पियानोचं झाकण लावलं.

“आत्ताचं ते पाठवता येत नसतं, रोज नव्याने गायचं असतं. पाठव जे आठवतंय, ते.”