आधी फळा पुसा

खंडागळे सर म्हणजे कायद्याचं चालतंबोलतं पुस्तक, असं त्यांचं स्वतःचंच मत! नागरिकशास्त्राच्या तासाला त्यांनी फळ्यावर ठळक लिहिलं, 'गुन्हा सिद्ध होईपर्यंत प्रत्येक जण निर्दोष.' मग वर्गातच लुटुपुटूचा खटला मांडला. न्यायाधीश अर्थातच सर.

"आणि आरोपी बिजली. पारध्याची पोर, तिला वेगळं शिकवायला नको!"

वर्ग फिदीफिदी हसला. बिजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती आरोपीच्या जागी जाऊन उभी राहिली.

"हं, आता गुन्हा कोणता घ्यायचा?" सरांनी वर्गाला विचारलं. "चोरी की दरोडा?"

बिजलीने टेबलावरचं डस्टर उचलून सरांपुढे धरलं.

"सर, गुन्हा अजून ठरायचाय आणि आरोपी उभा केलात. मग आधी तो फळा तरी पुसा!"