दयाळाची शीळ

फार पूर्वी एका देवराईत दयाळ आणि कोतवाल हे दोन पक्षी शेजारी राहत. थंडी ओसरली की दयाळ पहाटे शीळ घाली आणि गावकरी वाट वाकडी करून ऐकायला येत. कोतवालाचा नुसता जळफळाट होई.

एके दिवशी त्याने शिकारी शिक्र्याचा हुबेहूब आवाज काढला. घाबरून दयाळ रान सोडून पळाला.

दुसऱ्या पहाटे माणसं आली तेव्हा कोतवालाने पानांआडून जीव ओतून दयाळाचीच शीळ घातली. गौराक्का डोळे मिटून म्हणाली, "आज दयाळाने कमालच केली हो!"

"अहो, मी गायलो, मी!" कोतवाल पुढे येऊन ओरडला.

माणसांना ऐकू आली ती कर्कश चिरचिर. गौराक्काने त्याला हाकललं, "गप रे, दयाळाला गाऊ दे."